डबर उचलायचा की राहू द्यायचा? अमेरिकन फॉल्सचे १९६९ चे प्रकरण

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते माझ्याकडे आले तेव्हा नायगाराला नेणे ओघानेच आले. अमेरिकेच्या काठावरच्या प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या कठड्याला टेकून त्यांनी पडणारे पाणी पाहिले दोन मिनिटे, आणि मग बराच वेळ ते खालीच पाहत राहिले.

‘अगं, केवढा डबर पडलाय पायथ्याला! धबधब्याची निम्मी उंची तर त्यानेच खाल्लीय. कोणी उचलत का नाही तो?’

उचलायचा विचार झाला होता. नुसता विचार नाही, त्यासाठी १९६९ साली हा अख्खा अमेरिकन फॉल्स, म्हणजे नायगाराचा अमेरिकेकडचा धबधबा, साडेपाच महिने बंद ठेवला होता. खाली पडलेला दगड न् दगड न्याहाळला, कड्याला भोके पाडून आतला खडक तपासला, धबधब्याची छोटी प्रतिकृती बांधून तिच्यावर पाणी सोडून पाहिले. एवढे सगळे झाल्यावर अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त आयोगाने सांगितले, की डबराला हात लावू नका.

बाबांना त्या दिवशी मी तुटक उत्तर दिले होते. हे सविस्तर. यात कोणाही व्यक्तीचे नाव घातलेले नाही, कारण निर्णय एकट्यादुकट्याचा नव्हता. पत्रकार, अभियंता, आयोग अशा भूमिकांनीच माणसे येतील.

पार्श्वभूमी

नायगारा ही तशी आखूड नदी. ईरी सरोवरातून निघते आणि उत्तरेकडे वाहत जेमतेम ५८ किलोमीटरवर ऑंटारिओ सरोवराला मिळते. एवढ्या अंतरात ती सुमारे ९९ मीटर खाली उतरते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त उतार एकाच ठिकाणी, धबधब्यावर संपतो. मागच्या चार महासरोवरांचे पाणी हिच्यातूनच पुढे जाते. म्हणून पावसाळा-उन्हाळा असा मोठा चढउतार नाही, बारा महिने सरासरी २ लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग. सरोवरांमध्ये गाळ बसून गेल्यामुळे पाणीही नितळ. बाबांना ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटली. आपल्याकडे एवढा विसर्ग म्हणजे पूर, गढूळ पाणी आणि नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.

धबधबा एक नाही, तीन आहेत. मधल्या गोट बेटामुळे नदीचे दोन फाटे होतात. मोठा फाटा हॉर्सशू फॉल्सवरून पडतो. नालेच्या आकाराचा हा कडा सुमारे ६७० मीटर लांब आणि ५७ मीटर उंच आहे. धाकटा फाटा अमेरिकेच्या काठाने येतो आणि अमेरिकन फॉल्सवरून पडतो. त्याच्या बाजूला, चिमुकल्या लूना बेटापलीकडे, ब्रायडल व्हेल नावाची एक अरुंद धार आहे. पाण्याची वाटणी मुळीच सारखी नाही. दहातले नऊ हिस्से हॉर्सशूकडे आणि एक हिस्सा अमेरिकन बाजूला. पुढचे सगळे प्रकरण या नऊ-एकवर उभे आहे.

आता खडक. माथ्यावर डोलोमाइटचा कठीण, जाड थर. त्याखाली रॉचेस्टर शेल. हा मऊ, पापुद्र्यांचा खडक आहे, ओला-कोरडा होत राहिला की भुगा होऊन गळतो. त्याखाली पुन्हा चुनखडक, वालुकाश्म आणि शेल यांचे थर एकावर एक. हे खडक ४० कोटी वर्षांहून जुने आहेत, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले. वरून पडणारे पाणी आणि त्याचे तुषार खालच्या शेलला पोखरतात, माथ्याचा कातळ पुढे आलेल्या सज्जासारखा अधांतरी राहतो, आणि एक दिवस स्वतःच्या वजनाने उभ्या भेगेवर तुटून खाली येतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. हिमयुगाचा बर्फ मागे हटल्यावर, सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी, तो आजच्या क्वीन्स्टन-ल्युइस्टनपाशी होता. तिथून मागे सरकत तो ११ किलोमीटर आत आला. मधली खोल घळई ही त्या माघारीची वाट.

सह्याद्रीत दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा मऊ थर झिजून त्याच्यावरच्या काळ्या कातळाखाली कपार होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल.

फरक पुढे पडतो. हॉर्सशूवरून कातळ कोसळला तर त्याच्यावर नदीचे नव्वद टक्के पाणी आदळत राहते. दगड घुसळले जातात, एकमेकांवर आपटून फुटतात आणि तिथला खोल डोह आणखी खोल होतो. अमेरिकन फॉल्सवरून कातळ कोसळला तर त्याच्यावर पडते ती पातळ चादर. तिला तो दगड हलवताही येत नाही आणि फोडताही येत नाही. पडला तिथेच तो राहतो, त्याच्यावर पुढचा येऊन पडतो. असे करत इतका ढीग झाला, की पाण्याला मोकळी उडी मिळते ती फक्त २१ ते ३४ मीटरची, पुढचा निम्मा प्रवास दगडांवरून आपटत, फेसाळत.

शिवाय १९५० पासून हा धबधबा करारावर चालतो. त्या वर्षी दोन्ही देशांनी ठरवले, की पर्यटनाच्या मोसमात दिवसा धबधब्यांवरून किमान १ लाख क्युसेक पाणी सोडायचे, आणि रात्री व हिवाळ्यात किमान ५० हजार. उरलेले बोगद्यांतून दोन्ही काठांवरच्या वीजकेंद्रांकडे. म्हणजे दिवसा निम्मे पाणी वळते आणि रात्री तर पाऊणभाग. धबधब्याच्या वरच्या अंगाला दरवाजे बसवलेले नियंत्रण बांधकाम आहे, त्यावरून हा सगळा हिशोब सांभाळतात. पूर्वी हॉर्सशू वर्षाला मीटरभर किंवा त्याहून जास्त मागे सरकत असे, तो वेग आता खूप मंदावला आहे.

अडचण

१७ जानेवारी १९३१ रोजी अमेरिकन फॉल्सच्या मध्यावर सुमारे ७६ हजार टनांचा कडा तुटला. कड्याच्या सरळ रेषेला खाच पडली. २३ वर्षांनी, २८ जुलै १९५४ ला, प्रॉस्पेक्ट पॉइंटचा मोठा तुकडा कोसळला, सुमारे १ लाख ८५ हजार टन. लोक जिथे उभे राहून फोटो काढत ती जागाच दरीत गेली. मी आणि बाबा ज्या कठड्याला टेकलो होतो, तो त्यानंतर मागे घेऊन बांधलेला.

१९६५ मध्ये एका स्थानिक पत्रकाराने लिहिले, की असेच चालू राहिले तर अमेरिकन फॉल्स धबधबा म्हणून संपेल. दगड चढत चढत माथ्याला भिडतील आणि राहील तो नुसता खळाळणारा उतार. अमेरिकेच्या काठावरच्या गावात खळबळ उडाली. या गावाचे पोट धबधब्यावर आहे. कॅनडाच्या बाजूचा हॉर्सशू भरदार दिसतो, आपल्या वाट्याचा मात्र डोळ्यांदेखत बुटका होत चालला आहे, ही बोच तिथे आधीपासून होती. विषय राजकीय प्रतिनिधींकडे गेला, तिथून वॉशिंग्टनला. १९६७ मध्ये दोन्ही सरकारांनी तो इंटरनॅशनल जॉइंट कमिशनकडे सोपवला. सीमेवरच्या पाण्यासाठी १९०९ च्या करारातून उभा राहिलेला हा दोन देशांचा संयुक्त आयोग. आयोगाने तांत्रिक अभ्यासासाठी एक वेगळे मंडळ नेमले.

मंडळापुढे आलेली विचारणा होती धबधब्याचे सौंदर्य राखण्याची आणि वाढवण्याची. मला वाटते, प्रकरणातला पहिला कळीचा क्षण हाच. गावाच्या मनात खरे तर तीन वेगवेगळ्या काळज्या होत्या. धबधबा दिसायला कसा आहे, कडा किती वेगाने तुटतो आहे, आणि पाहायला आलेली माणसे सुरक्षित आहेत का. या तिन्हींची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात. डबर काढला की धबधबा उंच दिसेल, पण कडा त्याने ढिला पडला तर? लूना बेट वाचवायला कातळाला पोलादी दोऱ्या बांधल्या तर माणसे सुरक्षित होतील, पण मग तो कडा नैसर्गिक म्हणायचा का? विचारणा एकाच शब्दात बांधली गेल्यामुळे हे ताण पुढे एकेक करून वर आले.

कोणते पर्याय होते

मुख्य पर्याय चार होते. सगळा डबर काढून पायथा मोकळा करणे. थोडाच काढणे, म्हणजे काही भागात पाण्याला मोकळी उडी मिळेल. माथ्याचा कातळ बोल्ट आणि केबलींनी मागच्या खडकाला आवळणे, म्हणजे नवा डबर पडणार नाही. आणि काहीच न करणे.

पाचवा पर्याय बाबांनी लगेच काढला. ‘अमेरिकन बाजूला पाणी वाढवा की. पाणीच नेईल दगड.’ विचार चुकीचा नाही. पण तिथल्या नदीच्या तळाचा उतारच हॉर्सशूकडे आहे, आणि डबर फोडण्याइतके पाणी इकडे वळवायचे तर तिकडचे तोडावे लागेल किंवा वीजकेंद्रांचे. शिवाय जास्त पाणी म्हणजे कड्याची झीजही जास्त. दगड वाहून जातील, पण त्यांच्या मागोमाग नवे येतील. बाबा यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे पाणी कमी म्हणून डबर साचतो, आणि पाणी कमी म्हणूनच कडा टिकतो.’ मला जे दोन पानांत सांगता आले नसते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

कोणताही पर्याय निवडायचा तर आधी तीन गोष्टी कळायला हव्या होत्या. डबर नेमका किती आणि कसा रचला गेला आहे, कड्याच्या आत भेगा कुठून कुठे जातात, आणि त्या भेगांत पाणी किती दाबाने बसले आहे. पाणी वाहत असताना यातले काहीच धड मोजता येत नव्हते. मंडळाने धबधबा बंद करून पाहायचे ठरवले. दुसरा कळीचा क्षण तो.

पाणी आधी कधी थांबलेच नव्हते असे नाही. २९ मार्च १८४८ ला ईरी सरोवरातला बर्फ वाऱ्याने ढकलला जाऊन नदीच्या उगमाशी तुंबला आणि धबधबे दीडएक दिवस आटले. रोजचा गडगडाट थांबल्यामुळे लोकांना जाग आली म्हणतात. कोरड्या पात्रात उतरून त्यांनी जुन्या लढाईतल्या संगिनी-बंदुका गोळा केल्या. पण तो निसर्गाचा खेळ. आता तेच जाणूनबुजून, महिनोन् महिने करायचे होते.

प्रत्यक्ष काम

काम अमेरिकन सैन्याच्या अभियंता विभागाकडे गेले. ९ जून १९६९ ला ट्रक लागले. अमेरिकन काठापासून गोट बेटाच्या वरच्या टोकापर्यंत दगडमातीचा १८३ मीटर लांबीचा तात्पुरता बांध घालायचा होता. सुमारे २७ हजार ८०० टन भराव टाकून १२ जूनला त्यांनी तोंड बंद केले. तीन दिवसांत! बाबांच्या तोंडून इथे नकळत ‘शाबास’ निघाले. वाहत्या पाण्यात भराव टाकणे काय असते ते त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. शेवटचा भगदाडाचा तुकडा सगळ्यात अवघड, कारण फट अरुंद होत जाते तसा पाण्याचा जोर वाढतो.

इथे एक सोय होती, जी दुसऱ्या नद्यांवर नसते. अडवलेल्या पाण्याला जायला हॉर्सशूचा प्रशस्त फाटा शेजारीच होता. एकूण पाण्याचा दहावा हिस्साच तर वळवायचा होता.

पाणी ओसरल्यावर वर दिसला तो शेवाळलेला, भेगाळलेला, तपकिरी कातळ आणि मधूनमधून डबकी. पर्यटकांनी वर्षानुवर्षे टाकलेल्या नाण्यांचा खच पडला होता. दोन मृतदेहही सापडले. लोक हे सगळे पाहायला आले, त्यांच्यासाठी पात्रात तात्पुरती वाट बांधली आणि जिथे एरवी कोणी दोन सेकंद तग धरणार नाही अशा जागी माणसे उभी राहून खाली डोकावली.

मग लक्षात आली ती गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. पाणी बंद केल्यावर रॉचेस्टर शेल उन्हात वाळू लागणार होता. तो खडक हजारो वर्षे ओला राहिलेला. वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणजे कडा वाचवण्यासाठी केलेल्या तपासणीनेच कडा कमकुवत झाला असता. अभियंत्यांनी कड्यावर नळ टाकून तुषार सिंचन बसवले आणि शेल सतत भिजता ठेवला. आपण शेतात पिकासाठी करतो तसे, इथे खडकासाठी. जगातला एक प्रसिद्ध धबधबा बंद आहे आणि त्याच्या कड्यावर कारंजी फिरत आहेत, असे ते चित्र.

पात्रात आणि कड्याच्या माथ्यावर छिद्रे घेऊन खडकाचे नळकांडीसारखे नमुने काढले. भेगांत रंगीत पाणी सोडून ते कुठून बाहेर पडते ते पाहिले. खडक केसभरही हलला तर कळावे म्हणून भेगांवर मापक बसवले. कड्याच्या तोंडावर लोंबणारे ढिले दगड काढले. डबराचा नकाशा केला, दगडाच्या आकारासकट.

तिकडे टोरोंटोजवळ ऑंटारिओ हायड्रो या वीज कंपनीच्या प्रतिकृतीशाळेत धबधब्याची पन्नासपट लहान प्रतिकृती उभी राहिली. तिच्यातला डबर कमी-जास्त करता येत असे. सगळा काढला तर धबधबा कसा दिसेल, निम्मा काढला तर कसा, हे पाणी सोडून डोळ्यांनी पाहता आले. मला हे फार आवडले. सौंदर्याबद्दल वाद घालण्याआधी त्यांनी ते बघण्याची सोय केली.

थंडीच्या आत बांध काढणे भाग होते, उघड्या भेगांत बर्फ धरला असता तर कातळ फुटला असता. २५ नोव्हेंबरला बांध फोडला आणि पाणी पुन्हा कड्यावर आले.

काय कळले

कडा तुटण्याचे मुख्य कारण पाण्याचा मार नव्हता. माथ्याच्या कातळातल्या उभ्या भेगांत पाणी भरून आतून रेटा देते, थंडीत गोठून भेग रुंदावते, खाली शेल निसटत असतो, आणि या सगळ्याचा मेळ एखाद्या दिवशी बसतो. तो दिवस आधी सांगता येत नाही. १९३१ चा कडा जानेवारीत पडला, १९५४ चा जुलैत.

आणि डबर? तो कड्याच्या बुडाला टेकून बसला आहे. जोत्याला बाहेरून धीर द्यायला दगडांचा भराव घालतात, तसाच धीर हा डबर मऊ थरांना देत असण्याची शक्यता समोर आली. तो उपसला तर आज धबधबा उंच दिसेल, उद्या नवा कडा कोसळून पुन्हा तेवढाच डबर होईल आणि कडा मात्र तेवढा मागे जाईल. शिवाय ढीग प्रचंड, एकेक दगड घराएवढा, आणि तिथे यंत्रे उतरवायला पाणी पुन्हा बंद करावे लागले असते. खर्च मोठा होता.

प्रतिकृतीने आणखी एक गोष्ट दाखवली. डबर नसलेला अमेरिकन फॉल्स सुंदर होता, पण तो हॉर्सशूची लहान आवृत्ती झाल्यासारखा होता. दगडांवर आपटून उसळणारे पाणी, तो पांढरा फेस, ही या धबधब्याची स्वतःची ओळख होती.

निर्णय आणि त्यानंतर

मंडळाने लोकांपुढे पर्याय ठेवून मते मागवली, १९७४ मध्ये आपला अहवाल दिला. १९७५ मध्ये आयोगाने दोन्ही सरकारांना शिफारस केली, की डबर काढू नये, कडा कृत्रिमरीत्या जखडू नये, धबधब्याला त्याच्या मार्गाने झिजू द्यावे. माणसे जिथे उभी राहतात तिथे मात्र सुरक्षेचे उपाय करावेत आणि कड्यावर लक्ष ठेवावे.

म्हणजे एकत्र बांधलेल्या काळज्या शेवटी सुट्या केल्या. सौंदर्यासाठी हस्तक्षेप नाही, जीव वाचवण्यासाठी आहे. लूना बेटाचा कातळ केबली आणि बोल्टांनी आवळला. गोट बेटाच्या हॉर्सशूकडच्या टोकावर टेरापिन पॉइंट आहे, तिथला धोकादायक कडा १९८३ मध्ये सुरुंग लावून छाटला आणि जागा पुन्हा लोकांसाठी खुली केली.

पत्रकाराने वर्तवलेली भीती तेव्हापासून तरी खरी झालेली नाही. धबधबा धबधबाच आहे. त्याचे खरे मरण दुसरीकडून येणार आहे, पण फार पुढे. हॉर्सशू मागे सरकत सरकत गोट बेटाच्या वरच्या टोकाच्याही मागे गेला की नदी बेटाच्या आधीच खाली पडेल आणि अमेरिकन फाट्याला पाणीच उरणार नाही. डबर असो वा नसो.

वेगळे काय करता आले असते

निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. वाटेतल्या काही गोष्टींबद्दल मात्र बोलायला हवे.

विचारणा लिहितानाच सुरक्षा आणि सौंदर्य वेगळे केले असते, तर टेरापिन पॉइंटसारखे काम डबराच्या प्रश्नाच्या निकालासाठी अडून राहिले नसते. टेरापिनचा धोकादायक कडा छाटायला १९८३ उजाडले. माणसे उभी राहण्याच्या जागांना इतका वेळ देणे मला पटत नाही.

दुसरे, प्रतिकृती आधी करता आली असती. डबर काढून धबधबा लोकांना जास्त आवडणार आहे का, याचे उत्तर टोरोंटोजवळच्या त्या शाळेत मिळत होते आणि त्यासाठी नदी अडवायची गरज नव्हती. खडकाच्या आतले ज्ञान धबधबा बंद केल्याशिवाय मिळाले नसते, हे मान्य. पण क्रम उलटा असता तर तपासणीचा रोख पहिल्या दिवसापासून डबरावर न राहता भेगांवर आणि दाबावर राहिला असता.

तिसरी गोष्ट मला जास्त खुपते. ‘निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे’ ही भूमिका मनाला पटते, पण ती घेतली गेली ती अशा नदीवर, जिचे रात्रीचे पाऊणभाग पाणी बोगद्यात जाऊ शकते. कड्याच्या झिजण्याचा वेग माणसाने आधीच बदललेला आहे. डबर नैसर्गिक, पण त्याच्यावर किती पाणी पडायचे ते करार ठरवतो. अहवालाने डबराइतकाच हा पाण्याचा हिशोब लोकांपुढे ठेवून मत मागायला हवे होते. ज्यांना विचारले ते बहुतेक पर्यटक आणि गावकरी. या नदीकाठी त्यांच्याही कितीतरी आधीपासून राहणारे लोक आहेत. टस्कारोरा या तिथल्या मूळनिवासी समाजाची सुमारे ५५० एकर जमीन ल्युइस्टनच्या वीजप्रकल्पाच्या जलाशयासाठी गेली, त्यांनी लढा दिला आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. त्यानंतर काही वर्षांनी धबधबा कसा दिसावा यावर लोकांचे मत मागवण्याची वेळ आली, तेव्हा टस्कारोरांचा शब्द पहिला असायला हवा होता. बाबांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. धरणाखाली गेलेल्या गावांच्या मोजण्या त्यांनी केल्या आहेत.

आणि तुषार सिंचनाबद्दल पुन्हा एकदा. पाणी बंद झाल्यावर शेलचे काय होईल हा प्रश्न कोणीतरी वेळेत विचारला म्हणून कडा वाचला. हा मुद्दा आता जुना राहिलेला नाही. गोट बेटाला जोडणारे दोन दगडी पूल १९०१ चे आहेत, ते बदलण्यासाठी अमेरिकन फॉल्स पुन्हा कोरडा करण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये जाहीर सुनावणीला आला. एक पर्याय ऑगस्ट ते डिसेंबर पाणी अडवण्याचा होता, म्हणजे थंडी लागेपर्यंत शेल उघडा राहणार. पैशाअभावी तेव्हा काम पुढे गेले नाही.

परतताना बाबा गाडीत म्हणाले, ‘पूल करायचे तर मधूनच भराव टाकून एकेक कमान घ्यावी. पाणी पूर्ण तोडायची गरज नाही.’ आणि खिशातून कागद काढून त्यांनी आकृती काढायला घेतली.